गोळ्यांचा डबा एकदा पालथा करून पाहा

ताईच्या उशाशी श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. त्यात तिच्या गोळ्या. गेल्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे सांगलीला गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो डबा त्यावर पालथा केला. अकरा पट्ट्या निघाल्या, शिवाय कपाटातून पावडरचे दोन डबे आले. भिंग घेऊन बसले आणि प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वहीत उतरवून काढली. डावीकडे जीवनसत्त्वाचं नाव, पुढे कोणत्या पट्टीत किती. बी ट्वेल्व्ह पाच ठिकाणी, डी थ्री चार ठिकाणी, बी सिक्स तीन ठिकाणी. बी सिक्सची बेरीज केली. एका गोळीत १००, दुसरीत ५०, तिसरीत ३. म्हणजे रोज १५३ मिलिग्रॅम. माणसाची रोजची गरज असते २ मिलिग्रॅमच्या आसपास.

या पट्ट्या कुणा एकाने दिलेल्या नव्हत्या. एक घरच्या डॉक्टरांनी, एक हाडांच्या डॉक्टरांनी, एक मेडिकलवाल्याने 'ताकदीची' म्हणून, दोन परदेशातून आलेल्या भाच्याने. प्रत्येकाने तिच्या भल्यासाठीच दिल्या. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती, आणि त्या 'कुणीच'मध्ये मीही होते. तिच्या तळपायांना वर्षभर मुंग्या येत होत्या आणि आम्ही सगळे ते तिच्या थकव्याच्या जुन्या आजाराच्याच खात्यावर मांडत होतो.

ताईला सहा वर्षांपूर्वी चिकुनगुन्या झाला. ताप गेला, सांधे हळूहळू सुटले, पण अंगातलं त्राण परत आलं नाही. पुढे निदान झालं ते एमई/सीएफएसचं, म्हणजे मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोमचं. तिच्यासारखे अनेक जण आज घरोघरी आहेत. कोविडनंतर अशा माणसांची संख्या वाढली आहे. त्यांच्या उशाशीही असाच एखादा डबा असणार, म्हणून हा लेख.

हा थकवा नेहमीचा नव्हे

दिवसभर राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. या आजारात तो उतरत नाही. आठ-नऊ तास झोपूनही माणूस गळून गेल्यासारखा उठतो. पण आजाराची खरी खूण दुसरीच आहे. ताईने रविवारी केस धुतले, तर सोमवारी ती अंथरुणातून उठू शकत नाही. कधी लगेच, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, घसा दुखतो, डोकं चालेनासं होतं, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. थोड्याशा श्रमानंतर प्रकृती अशी उशिराने आणि श्रमाच्या मानाने कितीतरी जास्त ढासळणं, हे या आजाराचं मुख्य लक्षण. श्रम म्हणजे केवळ शरीराचे नव्हेत. पाहुण्यांशी तासभर बोलणं, बँकेचा फॉर्म भरणं, मोठ्याने भांडण होणं, यांचीही किंमत तीच.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ रोजच्या कामाची क्षमता खूप घटलेली, श्रमानंतर प्रकृती ढासळणं, ताजंतवानं न करणारी झोप, आणि यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं यांपैकी निदान एक. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली अशा आजाराची साथ आली, त्यानंतर 'मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस' हे नाव रूढ झालं. इतकी वर्षं लोटली, तरी हा आजार समूळ बरा करणारं औषध अजून हाती आलेलं नाही. ते नाही, म्हणूनच रुग्ण गोळ्यांच्या मागे लागतो. त्यात त्याची चूक नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काहीतरी करून पाहावं, हे स्वाभाविकच आहे. फक्त ते डोळसपणे करावं.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगते. जीवनसत्त्वं शरीरातली कमतरता भरून काढतात, हा आजार बरा करत नाहीत. जिथे कमी आहे तिथे गोळी अमृतासारखी. जिथे कमी नाही तिथे ती कधी नुसता खर्च, तर कधी नवं दुखणं.

गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी महिनाभर गोळ्या खातात, उतार पडला नाही की तपासणीला जातात. तोवर रक्तातली पातळी गोळीमुळे वर गेलेली असते आणि मुळात कमतरता होती की नव्हती, हे कळायला मार्ग उरत नाही.

लांबलेल्या थकव्यासाठी डॉक्टर साधारणपणे या तपासण्या सांगतात: हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीएवनसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, कॅल्शियम, शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजाराची तपासणी, आणि लघवी. आपल्याकडे त्यांत बी ट्वेल्व्ह आणि डी या दोन तपासण्यांची भर हवीच. घोरणं असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का, हेही पाहावं लागतं.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल, तर तपासणीआधी डॉक्टरांना नक्की सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसह काही रक्तचाचण्यांचे आकडे खोटे दाखवू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. किती दिवस आधी गोळी बंद ठेवायची, ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारा.

थकव्याबरोबर वजन घटत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, शौचावाटे रक्त जात असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. क्षयरोग, हृदयविकार, रक्तस्राव हे सगळे थकव्याचा मुखवटा घालून येतात.

बी ट्वेल्व्ह: आपल्या घरातली खरी कमतरता

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांची बी ट्वेल्व्हची पातळी तपासली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ती कमी निघाली, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांतून मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं आणि रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅमची. दिवसाला चहापुरतंच दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसाचा हिशेब इथेच चुकतो. आंबील, इडली, मोड आलेली कडधान्यं हे सगळं पौष्टिक आहे, पण बी ट्वेल्व्हसाठी त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनातलं बी ट्वेल्व्ह तर बहुतांशी असं असतं, की शरीराला त्याचा उपयोगच करता येत नाही.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही ही कमतरता येते. तिची लक्षणं अशी: थकवा, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, तोंड येणं, पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं. यातली निम्मी लक्षणं एमई/सीएफएससारखीच दिसतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

रक्तातली पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता साधारण नक्की मानतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी आणखी एखादी तपासणी सांगू शकतात. कमतरता तीव्र असेल किंवा नसांना इजा झाली असेल तर सुरुवातीला इंजेक्शनं देतात. नाहीतर रोजची १००० मायक्रोग्रॅमची साधी गोळीही बहुतेकांना पुरते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला थोडासा अंश पोटातून आपोआप शोषला जातो. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना मात्र महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका.

एक सावधगिरी. बी ट्वेल्व्ह न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत घेऊ नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

बी ट्वेल्व्ह भरून निघाल्यावर थकवा पूर्ण गेला, तर तुम्हाला एमई/सीएफएस नव्हताच, कमतरता होती. याहून चांगली बातमी नाही. कमतरता भरूनही श्रमानंतर ढासळणं तसंच राहिलं, तर दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. एक सुटली, दुसरीला वेगळ्या रीतीने सांभाळायचं.

डी: घरात राहणाऱ्याची गरज

या आजाराचा रुग्ण उन्हात जात नाही, कारण तो घराबाहेरच पडू शकत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. डी तयार करणारे किरण काच अडवते. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी 'नाइस' ही संस्था २०२१ च्या सूचनांमध्ये या रुग्णांच्या डी जीवनसत्त्वाकडे खास लक्ष द्यायला सांगते, विशेषतः घरात किंवा अंथरुणात खिळलेल्यांच्या बाबतीत. स्नायूंचं दुखणं आणि हाडांचा ठणका याला डीची कमतरता हातभार लावते.

आपल्याकडे ६० हजार युनिटची कॅप्सूल किंवा पुडी देतात. ती सहसा आठवड्यातून एकदा, आठेक आठवडे घ्यायची असते, नंतर डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. ही गोळी रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. 'रोज एक' हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की पट्टी हातात आली की हात आपोआप तसाच चालतो. निरोगी प्रौढाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४ हजार युनिटच्या वर जाऊ नये, असं मानतात. रोज ६० हजार म्हणजे त्याच्या पंधरा पट. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, मुतखडा, गोंधळलेपण, शेवटी मूत्रपिंडाला इजा. यातला अशक्तपणाही पुन्हा मूळ आजारासारखाच भासतो. म्हणून पट्टीवर मार्करने वार लिहून ठेवा. ताईच्या पट्टीवर आता मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहिलेलं आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, कारण डी स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं.

लोह: हिमोग्लोबिन चांगलं, तरी साठा रिकामा

आपल्याकडे हिमोग्लोबिन बारा निघालं की विषय संपतो. पण लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो, आणि पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या कितीतरी आधी रिकामा झालेला असतो. फ्रान्समधल्या एका चाचणीत हिमोग्लोबिन चांगलं पण फेरिटिन कमी असलेल्या, थकव्याने त्रासलेल्या स्त्रियांना १२ आठवडे लोह दिलं. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा थकवा जास्त कमी झाला. हा अभ्यास २०१२ चा. कमतरता शोधून भरली की काय साधतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

पण लोह अंदाजाने घेऊ नये. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि हृदयात साठत जातं. तापात किंवा दाहात फेरिटिन वर जातं, त्यामुळे अंगात काही संसर्ग असताना केलेली तपासणी फसवी ठरते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोनेक तास दूर ठेवा. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि ही गोळी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मुलांमध्ये लोहाची विषबाधा जिवावर बेतते.

बाकीच्या गोळ्यांचं काय?

एमई/सीएफएससाठी म्हणून मॅग्नेशियम, को-एन्झाइम क्यू टेन, एनएडीएच, कार्निटीन आणि डझनभर जीवनसत्त्वं एकत्र असलेल्या गोळ्या सुचवल्या जातात. पुरावा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू.

१९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक छोटी चाचणी आली. मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिलेल्या १५ रुग्णांपैकी १२ जणांना बरं वाटलं, खोटी इंजेक्शनं दिलेल्या १७ पैकी ३ जणांना. आशा वाढली. पण नंतरच्या अभ्यासांत या रुग्णांमध्ये मॅग्नेशियमची कमतरता असल्याचं ठामपणे दिसलं नाही आणि तो उपाय रुजला नाही. नेदरलँड्समध्ये ५३ रुग्णांवर अनेक जीवनसत्त्वं आणि खनिजं एकत्र असलेल्या पूरकाची चाचणी झाली, २००२ मध्ये तिचा निष्कर्ष आला: थकव्यात फरक नाही. स्कॉटलंडमध्ये ५० रुग्णांना दर दोन महिन्यांनी डीची मोठी मात्रा देऊन पाहिली, तिथेही थकवा तसाच राहिला. स्पेनमध्ये क्यू टेन आणि एनएडीएच एकत्र देऊन केलेल्या चाचणीत, २०२१ मध्ये, विशेषतः बौद्धिक थकव्यात थोडा उतार दिसला. आशा ठेवायला एवढं पुरे, पण घर खर्चात घालायला पुरेसं नाही.

'नाइस'ची सूचना स्पष्ट आहे. एमई/सीएफएस बरा करण्यासाठी म्हणून कोणतंही औषध किंवा पूरक देऊ नये. काही रुग्ण जीवनसत्त्वांनी बरं वाटल्याचं सांगतात, पण उपचार म्हणून ती सरसकट घ्यावीत असा पुरावा नाही. घ्यायचीच असतील तर रोजच्या शिफारशीतल्या मात्रेपुरतीच. मलाही हेच पटतं.

'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?'

हे वाक्य मी ताईच्या घरी प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून ऐकलं आहे. बी आणि सी ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, हे खरं. पण ते सगळ्यांना आणि सगळ्या मात्रांना लागू नाही.

बी सिक्स याचंच उदाहरण. जास्त मात्रा महिनोन्महिने घेतली तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेली गोळीच मुंग्या वाढवते. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. ताईच्या १५३ चा अर्थ तिच्या डॉक्टरांनी वही पाहताच ओळखला. त्यांनी दोन पट्ट्या बंद केल्या. चार-पाच महिन्यांत मुंग्या बऱ्याच ओसरल्या.

सी रोज २ ग्रॅमच्या पुढे गेलं तर जुलाब होतात, मुतखड्याची शक्यता वाढते. ए जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि गरोदरपणात जास्त झालं तर बाळात व्यंग निर्माण करू शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी के आणि ई ही जीवनसत्त्वं डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. अश्वगंधाही निरुपद्रवी समजून घेतात, पण तिचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मॅग्नेशियमसह कोणतीही गोळी स्वतःहून सुरू करू नये.

'ताकदीचं सलाईन' हाही आपल्याकडचा रूढ उपाय. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, पाच चमच्यांएवढी. उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या काही रुग्णांना शिरेतून द्रव गेल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, ते खरं आहे. पण शिरेत सुई म्हणजे जंतुसंसर्गाची आणि ॲलर्जीची जोखीम. पिवळ्या रंगाच्या व्हिटॅमिनच्या बाटलीने ती जोखीम कमी होत नाही.

घेऊन पाहायचंच असेल तर रीत अशी

पहिलं, सुरू असलेल्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज करा. मी केली तशीच, वहीत. प्रोटीन पावडर, केसांच्या गोळ्या, कॅल्शियम, च्यवनप्राशापासून काढ्यापर्यंत सगळं त्यात धरा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, काहीही नवं घेण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा. रोज तीन ओळी पुरतात: आज किती तास उठून बसता किंवा वावरता आलं, झोप कशी झाली, प्रकृती ढासळली का. रुग्णाला लिहिणं झेपत नसेल तर घरच्यांनी विचारून लिहावं.

तिसरं, एका वेळी एकच नवी गोळी. दोन एकदम सुरू केल्या तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा, हे कधीच कळणार नाही. या आजारात अनेकांना साध्या औषधांचाही त्रास लवकर होतो, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करा.

चौथं, आधीच मुदत ठरवा. आठ ते बारा आठवडे. मुदत संपली की वहीतली आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवा. फरक दिसत नसेल तर गोळी बंद. 'एवढी महाग आणली आहे, संपवून टाकू' हा विचार मनातून काढा. दिसत असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवून पाहा. गोळी थांबल्यावर खाली आणि सुरू केल्यावर वर असं दिसलं, तर तो गुण बहुधा खरा. हा थांबवून पाहण्याचा प्रयोग तपासणीत कमतरता निघालेल्या गोळीवर मात्र करू नका.

पाचवं, लेबल वाचा. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असायला हवा. पूरक हे अन्न आहे, औषध नव्हे. एखादा आजार बरा करण्याचा दावा पूरकाने करायचा नसतो. तसा दावा दिसला, तर तेवढ्यावरूनच ती बाटली परत ठेवा. कमतरतेच्या साध्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात.

गोळीने उभारी आली, तर ती लगेच खर्चू नका

कमतरता भरल्यावर बरं वाटू लागतं आणि माणूस साठलेली कामं काढतो. माळा आवरायला घेतो, कपाटं उपसतो. दोन दिवसांनी पुन्हा अंथरूण. मग दोष गोळीला जातो. खरं तर या आजारात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती शक्तीची वाटणी, आणि ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. दिवसाला जेवढी शक्ती आहे, त्याच्या आत काम ठेवायचं. स्वयंपाक स्टुलावर बसून करायचा. आंघोळ आणि पाहुणे एकाच दिवशी नकोत. थकण्याआधी आडवं व्हायचं, थकल्यावर नव्हे.

घरच्यांनाही एक विनंती. 'थोडं चाल, व्यायाम कर, बरं वाटेल' हे सांगणं सोडा. ठरावीक वेगाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार एकेकाळी या रुग्णांना सर्रास सांगितला जात असे. 'नाइस'ने २०२१ मध्ये तो देऊ नये असं स्पष्ट केलं. तुमच्या माणसाने चाल टाळली, तर तो आळशी नाही. उद्याचा दिवस वाचवतो आहे.

ताई बरी झालेली नाही. पण श्रीखंडाच्या डब्यात आता तीनच पट्ट्या आहेत: बी ट्वेल्व्ह, रविवारची डी आणि फेरिटिन कमी निघाल्यामुळे लोह. तिन्हींमागे तिच्या रक्ताचा आकडा आहे. मुंग्या ओसरल्या, औषधांचं बिल उतरलं, आणि संध्याकाळी ती अर्धा तास गॅलरीत बसू शकते. पूर्वी तेही होत नव्हतं.

तुमच्या घरात असा डबा असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर तो वर्तमानपत्रावर पालथा करा. वही घ्या, भिंग घ्या, बेरीज करा. आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला पट्ट्यांची पिशवी नेता तशी ती वहीही न विसरता न्या.